हमिंगबर्डसाठी बागेत काय लावायचं? एप्रिल ते ऑक्टोबर फुलांचं पूर्ण गणित

हमिंगबर्ड आपल्या अंगणात यावेत असं वाटत असेल तर आधी कॅलेंडर उघडा, नर्सरीत नंतर जा. बहुतेक लोक मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी दुकानात जातात, समोर जे लाल दिसेल ते उचलतात, कुंडीच्या टॅगवर हमिंगबर्डचं चित्र असलं की अजूनच खूष होतात, आणि मग जुलैत ती फुलं संपली की पक्षीही गायब. पक्ष्याला तुमच्याकडे खायला काही उरलेलं नसतं, एवढंच कारण. जेमतेम ३ ग्रॅमचा जीव, सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा पंख मारतो, त्याला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने काहीतरी पोटात ढकलावंच लागतं, त्यामुळे जिथे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत काही ना काही फुललेलं असतं ती जागा तो धरून ठेवतो आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तिथेच येण्याची शक्यताही चांगली असते.

मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे इथे लिहिलंय ते मुख्यतः ईस्ट कोस्टच्या हिशोबाने. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, ओहायो, शिकागोकडच्या लोकांना तारखा थोड्या मागेपुढे करून हेच चालेल. टेक्सास आणि कॅलिफोर्निया-सिअ‍ॅटलवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय कारण तिकडचे पक्षीही वेगळे आणि हवाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण भारतातून आईबाबा आले की प्रत्येक घरी हा संवाद होतोच, "हा तर आपल्याकडे जास्वंदीवर येतो तोच." तो नाही. भारतात हमिंगबर्डची एकही जात नाही, साडेतीनशेच्या वर जाती आहेत त्या सगळ्या अमेरिका खंडातच. आपल्याकडचा तो शिंजीर, म्हणजे सनबर्ड. आणि हा फरक झाडं निवडताना उपयोगी पडतो बरं का: शिंजीर बहुतेक वेळा फांदीला किंवा देठाला धरून बसतो आणि मग चोच घालतो, हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी तरंगत रस पितो, त्यामुळे त्याला फुलापुढे मोकळी हवा लागते. पानांच्या गर्दीत लपलेलं फूल त्याच्या कामाचं नाही. झुपक्याच्या बाहेर डोकावणारं, लोंबणारं किंवा उंच दांडीवर आडवं उघडणारं फूल हवं.

आधी तुमचा पक्षी ओळखा

पूर्वेकडच्या राज्यांत घरटी करणारी जात एकच, रूबी-थ्रोटेड. पाठ हिरवी चमकदार, नराचा गळा माणकासारखा लाल पण तो ऊन पडलं तरच, सावलीत तोच गळा काळा दिसतो. मादीचा गळा पांढरा. हिवाळा ते मेक्सिको आणि सेंट्रल अमेरिकेत काढतात आणि वसंतात परत निघतात, त्यातले बरेच जण तर गल्फ ऑफ मेक्सिको न थांबता ओलांडतात, ८०० किलोमीटरच्या आसपास समुद्र, मध्ये टेकायला जागा नाही. जॉर्जियात मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिसायला लागतात, न्यू जर्सीत साधारण एप्रिलच्या मध्यापासून शेवटापर्यंत, मिशिगन-टोरोंटोकडे मे उजाडतो. नर आधी येतात, जागा बळकावतात, माद्या मागून. परत जातानाही नरच आधी, ऑगस्टमध्येच निघायला लागतात, आणि माद्या व त्या वर्षीची पिल्लं सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतात.

दरवर्षी वसंतात जर्नी नॉर्थ या साइटच्या नकाशावर लोक पहिला पक्षी दिसल्याची नोंद करतात, तो नकाशा मार्चपासून बघत राहा, दक्षिणेकडून ठिपके वर सरकताना दिसतात आणि आपल्या गावाची वेळ कधी येणार याचा अंदाज बांधता येतो.

तर आपलं कॅलेंडर ठरलं: एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. या सहा महिन्यांत फुलांचा खंड पडता कामा नये. सगळ्यात जास्त खंड दोनदा पडतो, एक अगदी सुरुवातीला, एप्रिलच्या शेवटी, जेव्हा बागेत डॅफोडिल-ट्युलिपशिवाय काही नसतं (आणि ते दोन्ही त्याच्या उपयोगाचे नाहीत), आणि दुसरा ऑगस्टच्या मध्यानंतर, जेव्हा उन्हाळी फुलं दमतात आणि नेमके तेव्हाच पक्षी प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. झाडं निवडताना आधी या दोन खिंडी भरायच्या, जून-जुलै आपोआप होतो.

कुठलं फूल चालतं आणि का

लाल रंगाचं एवढं कौतुक का, तर मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल फुलातला रस त्या सहसा संपवून टाकत नाहीत आणि तो पक्ष्यासाठी उरतो. पक्षी हे शिकतो. पण त्याला लालच हवं असा हट्ट नसतो, रस भरपूर असेल तर निळ्या, जांभळ्या, केशरी, अगदी पांढऱ्या फुलावरही तो दिवसभर पडीक असतो. रंग फक्त लांबून बोलावतो, टिकवून ठेवतो तो रस.

आकार जास्त महत्त्वाचा. लांब नळी, खाली गोड पाणी, तोंडाशी मधमाशीला टेकायला ओटा नाही, असं फूल बघा. आणि वास नसला तरी चालतो, किंबहुना त्याची आवडती बहुतेक फुलं बिनवासाचीच असतात. म्हणून आपला मोगरा, रातराणी, निशिगंध कितीही जीव की प्राण असले तरी हमिंगबर्डसाठी ते लावण्यात अर्थ नाही, त्यांचा वास संध्याकाळनंतरच्या पतंगांसाठी. झेंडू आणि भरगच्च गुलाबाचंही तेच, दिसायला सुंदर पण याच्यासाठी नळी नाही. डबल पाकळ्यांचे पेट्युनिया दिसले की पुढे चला, पाकळ्या वाढवण्याच्या नादात आतली वाट बंद झालेली असते आणि रसही फारसा नसतो.

जागा आणि मांडणी

यूएसडीएचा (अमेरिकेच्या कृषी खात्याचा) हार्डीनेस झोन, म्हणजे हिवाळ्यात किती थंडी पडते त्यावरून ठरवलेला विभाग, झिप कोड टाकून बघून घ्या, २०२३ मध्ये नवा नकाशा आलाय आणि बऱ्याच ठिकाणांचा झोन अर्ध्या पायरीने बदललाय. सेंट्रल जर्सीचा बराच भाग झोन ७ मध्ये येतो. मग एक पूर्ण दिवस, सुट्टीचा, अंगणात कुठे किती तास ऊन येतं ते नुसतं बघा आणि कागदावर लिहा. सहा तासांच्या वर असेल तर फुल सन, तीन-चार असेल तर पार्शल शेड. आपल्या टाऊनहाऊसच्या मागच्या बाजूला बरेचदा सकाळचं ऊनच असतं, त्यालाही उत्तम झाडं आहेत, काळजी नको.

माती चिकट असेल तर (आमच्याकडे आहेच) कंपोस्ट मिसळा. रटगर्स युनिव्हर्सिटीची सॉइल टेस्टिंग लॅब आहे, तिथे नमुना पाठवला की मातीत काय कमी-जास्त आहे ते कळतं, इतर राज्यांतही तिथल्या युनिव्हर्सिटीचं एक्स्टेन्शन ऑफिस हेच काम करतं.

एकेक झाड विखरून लावू नका. एकाच जातीची तीन ते पाच रोपं जवळजवळ, म्हणजे लांबून ठिपका न दिसता पट्टा दिसतो. आणि असे दोन पट्टे घराच्या दोन वेगळ्या बाजूंना ठेवा, कारण नर भयंकर भांडकुदळ असतो, एका फांदीवर बसून अख्ख्या वाफ्याची राखण करतो आणि दुसऱ्या कुणालाही फिरकू देत नाही, पण घराच्या पलीकडचं त्याला दिसत नाही, तिथे मादी निवांत खाऊन घेते. जवळपास एखादी निष्पर्ण बारीक काडी, झुडपाचं सुकलेलं टोक असेल तर ते छाटू नका. त्याच्या दिवसाचा बराच वेळ अशा काडीवर बसण्यात जातो.

आता कॅलेंडर भरूया

एप्रिल-मेसाठी पहिलं नाव वाइल्ड कोलंबाइन, अक्विलेजिया कॅनाडेन्सिस. लाल-पिवळी, खाली मान घातलेली फुलं, मागे पाच लांब नळ्या आणि रस त्या नळ्यांच्या टोकाला, म्हणजे पक्ष्याला खालून वर चोच घालावी लागते. रूबी-थ्रोटेड येण्याची वेळ आणि याची फुलण्याची वेळ अगदी जुळते. अर्धी सावली, निचरा होणारी माती, बास, बाकी काही मागत नाही. झाड तीन-चार वर्षं जगतं पण बी पडून स्वतःच पसरतं. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर घाबरू नका, लीफ मायनरची अळी असते, झाडाला फार काही होत नाही. दुकानातली मोठ्या निळ्या-जांभळ्या फुलांची हायब्रिड कोलंबाइन वेगळी, आपल्याला ही नेटिव्हच, म्हणजे मूळची इथलीच हवी.

दुसरं, आणि मला एकच झाड निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन: कोरल हनीसकल, लोनिसेरा सेंपरविरेन्स. वेल आहे, १० ते २० फूट जाते, जाळी किंवा कमान द्यावी लागते. एप्रिलच्या शेवटी-मेमध्ये लाल नळ्यांचे झुबके येतात आणि नंतर अधूनमधून थेट थंडीपर्यंत. 'मेजर व्हीलर' नावाची निवड (म्हणजे मुद्दाम निवडलेला वाण) मिळाली तर तीच घ्या, ती जवळजवळ थांबतच नाही. वसंतात कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, होजच्या पाण्याचा जोरदार फवारा मारा, औषध नको. छाटणी पहिला मोठा बहर संपल्यावरच करा, हिवाळ्यात केलीत तर पुढच्या वसंतातल्या कळ्याच कापल्या जातील.

पण सावध राहा, हनीसकल म्हणून जे कुंपणावर रानोमाळ माजलेलं असतं, पांढरी-पिवळी वासाची फुलं, ते जपानी हनीसकल, ते इथलं जंगल गिळतंय आणि मुद्दाम लावण्याचं पाप करू नये. ओळखायचं सोपं आहे. कोरल हनीसकलमध्ये फुलांच्या लगेच खालची पानांची जोडी एकमेकांना चिकटून एकच गोल पान झालेलं असतं आणि देठ त्याच्या मधोमध आरपार गेल्यासारखा दिसतो. जपानीची दोन पानं वेगळीच राहतात. शिवाय कोरलची फळं लाल, जपानीची काळी.

जागा असेल तर रेड बकआय हे छोटं झाडही बघा, एप्रिल-मेत लाल तुरे येतात, मूळचं दक्षिणेकडचं पण जर्सीत छान जगतं. बिया विषारी असतात आणि दिसायला गुळगुळीत चकचकीत, घरात लहान मुलं असतील तर हे टाळा.

जून-जुलैची राणी म्हणजे बी बाम, मोनार्डा डिडिमा. लाल विस्कटलेल्या केसांसारखी फुलं, पुदिन्याच्या कुळातलं, देठ चौकोनी, पानं चुरडली की मस्त वास. तीन-चार फूट उंच होतं, जमिनीखालून पसरतं, दर तीन वर्षांनी खणून भाग करा आणि मैत्रिणींना वाटा. याचा एकच ताप, पानांवर पांढरी भुरी. 'जेकब क्लाइन' ही निवड घेतली, रोपांमध्ये हवा खेळती ठेवली आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी घातलं तर भुरी बरीच कमी होते. सुकलेली फुलं खुडत राहिलं तर बहर लांबतो. आणि मोठा फायदा, हरणं सहसा तोंड लावत नाहीत. जर्सीत राहणाऱ्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते सांगायला नको, हरणांना काय आवडत नाही हेच इथे बागेचं अर्धं नियोजन असतं. वासाची पानं असलेली झाडं, म्हणजे बी बाम, साल्व्हिया, अगास्टाशी, त्यातल्या त्यात वाचतात.

जुलै ते सप्टेंबर, कार्डिनल फ्लॉवर. लोबेलिया कार्डिनॅलिस. यावर थोडी थांबते कारण पूर्वेकडच्या बागेत एवढं नेमकं हमिंगबर्डसाठी घडलेलं फूल दुसरं नाही. एकदा जवळ बसून बघा: दोन-चार फूट उंच दांडी, तिच्यावर खालून वर उघडत जाणारी रक्तलाल फुलं, प्रत्येक फुलाच्या नळीतून एक बारीक लाल काडी वर येते आणि तिच्या टोकाला करड्या रंगाची, दाढी असलेली गाठ, पुढे वाकलेली. पक्षी नळीत चोच घालतो तेव्हा ती गाठ बरोब्बर त्याच्या कपाळाला टेकते आणि पराग लागतात. पराग देऊन झाले की काही दिवसांनी त्याच काडीतून स्त्रीकेसर बाहेर पडतो, आणि आता दुसऱ्या फुलावरचे पराग कपाळावर घेऊन आलेला पक्षी त्याला टेकतो. एकाच दांडीवर खाली मादी अवस्थेतली जुनी फुलं आणि वर नर अवस्थेतली नवी, दोन्ही एका वेळी दिसतात.

याला पाणी लागतं. डाऊनस्पाऊटचं (छपरावरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचं) पाणी जिथे साचतं, एसीचं पाणी जिथे टपकतं, ती ओली जागा याला द्या, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल तर फारच छान. झाड अल्पायुषी, पण बुंध्याशी शरद ऋतूत हिरव्या पानांची छोटी चकती येते, तीच पुढच्या वर्षीचं झाड. त्या चकतीवर मल्च (माती झाकायला घालतात तो सालीचा भुसा) किंवा वाळकी पानं साचू दिली तर ती कुजते आणि लोकांना वाटतं थंडीने गेलं. हिवाळ्यात ती उघडी ठेवा. हरणं मात्र हे खातात, म्हणून डेकच्या जवळ किंवा जाळीच्या आत.

ऑगस्ट-सप्टेंबरची खिंड भरणारं अजून एक, ज्वेलवीड, इम्पेशन्स कॅपेन्सिस. हा आपल्या तेरड्याचा सख्खा चुलत भाऊ, बोंड पिकलं की हात लावताच फट्‌कन फुटून बिया उडतात ते अगदी तसंच, मुलांना हा खेळ खूप आवडतो. केशरी, ठिपक्यांची, मागे वाकडी शेपटी असलेली फुलं. दक्षिणेकडे निघालेले पक्षी ओढ्याकाठच्या ज्वेलवीडवर तुटून पडतात. दुकानात क्वचित मिळतं पण ओलसर सावलीचा कोपरा असेल आणि तिथे आपोआप उगवलं असेल तर तण म्हणून उपटू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. पसरतं खूप, पण मुळं वरवरची, नको तिथलं एका हाताने निघतं.

आणि थंडी पडेपर्यंत चालणारे म्हणजे साल्व्हिया. 'ब्लॅक अँड ब्लू', गडद निळ्या नळ्या आणि त्यांच्या बुडाशी काळसर आवरण, लाल नसूनही पक्षी हा सोडत नाही. झोन ७ मध्ये जाड मल्च घातलं तर कधी जगतो कधी नाही, थंड भागात अ‍ॅन्युअल, म्हणजे एकाच वर्षाचा समजायचा. साल्व्हिया कॉक्सिनिया बियांपासून सहज येतो, स्वतःच्या बिया टाकून परत येतो, 'लेडी इन रेड' त्यातलाच. पाइनॅपल सेज उशिरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाल होतो, शेवटच्या प्रवाशांसाठी, पण फ्रॉस्ट लवकर पडला तर फुलायच्या आत जातो, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

जास्वंद आणि कर्दळ लावू का, हे मराठी घरात विचारलं जातंच. लावा की. लाल कर्दळीवर हमिंगबर्ड येतो, जास्वंदीवरही येतो, फक्त हिवाळ्यात जास्वंदीची कुंडी घरात घ्यायची आणि कर्दळीचे कंद पहिल्या फ्रॉस्टनंतर काढून बेसमेंटमध्ये कोरडे ठेवायचे. गणपतीला घरची लाल फुलं मिळतात ते वेगळंच सुख. पण पक्ष्यांचा मुख्य आधार वरची नेटिव्ह झाडंच ठेवा.

काय घेऊ नये

ट्रम्पेट क्रीपर प्रत्येक यादीत असतो, फुलंही खरंच हमिंगबर्डची, पण घराच्या भिंतीजवळ, डेकजवळ अजिबात नको. सायडिंगमध्ये घुसतो, मुळांतून दहा फुटांवर नवे कोंब काढतो, चिकामुळे काहींच्या अंगाला खाज येते. मोठं शेत, लांबचं कुंपण असेल तर ठीक. त्याऐवजी क्रॉसव्हाइन लावा, केशरी-लाल नळ्या, एप्रिल-मेत फुलतो आणि त्या पहिल्या खिंडीतही बसतो.

बटरफ्लाय बुश आणि मिमोसाचं झाड, दोन्हीवर पक्षी येतो हे खरं, पण दोन्ही परदेशी आणि बऱ्याच राज्यांत बागेबाहेर पसरलेली आहेत. घाणेरी, म्हणजे लँटाना, जर्सीत थंडीने मरते म्हणून कुंडीत चालेल, पण फ्लोरिडात तिने तेच केलंय जे आपल्या सह्याद्रीत केलंय.

खरेदी करताना

नर्सरीत लॅटिन नाव बघूनच घ्या, नुसतं हनीसकल किंवा साल्व्हिया म्हणून मागितलं तर काहीही हातात येतं. आणि थेट विचारा, या रोपांवर निओनिकोटिनॉइड, म्हणजे एका प्रकारचं कीटकनाशक मारलंय का? ही औषधं मुळांतून अख्ख्या झाडात भिनतात, फुलाच्या रसातही उतरतात. न्यू जर्सीत २०२२ मध्ये यांच्या बागेतल्या वापरावर निर्बंध आणणारा कायदा झाला, पण बाहेरच्या राज्यात वाढलेली रोपं दुकानात येतातच. कुणाला सांगता आलं नाही तर दुसरीकडून घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपजवळच्या बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्हमध्ये नेटिव्ह रोपं विकत मिळतात, इतरत्र राज्याच्या नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या साइटवर नर्सरींची यादी सापडते. ऑडबॉन या पक्षीसंस्थेच्या डेटाबेसमध्ये झिप कोड टाकला की तुमच्या भागातली नेटिव्ह झाडं कळतात.

नाजूक रोपं, म्हणजे साल्व्हिया वगैरे, मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी बाहेर लावायची घाई नको. कोलंबाइन, हनीसकल, बी बाम एप्रिलमध्ये लावले तरी चालतात, आणि सप्टेंबर तर याहून चांगला, माती गरम, हवा थंड, मुळं छान धरतात, शिवाय तेव्हा सेलही असतो.

पैसे वाचवायचे असतील तर बियांचा हा मार्ग. कोलंबाइन आणि कार्डिनल फ्लॉवरच्या बियांना थंडी लागल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. दुधाचा रिकामा गॅलनचा कॅन घ्या (आपल्या घरात विरजणाच्या कृपेने याची कमतरता नसते), तळाला चार-पाच भोकं पाडा, हँडलच्या खालून आडवा कापा पण एका बाजूला जोड ठेवा म्हणजे झाकणासारखा उघडेल. तीन इंच पॉटिंग मिक्स भरा, ओलं करा, बिया वर नुसत्या भुरभुरा आणि बोटाने हलक्या दाबा. मातीने झाकू नका, या दोन्हींना उगवायला उजेड लागतो. कॅन टेपने बंद करा, वरचं बूच काढून टाका म्हणजे पाऊस-बर्फ आत जाईल, आणि जानेवारीत बाहेर ठेवून द्या. बर्फात गाडला गेला तरी असू दे. एप्रिलमध्ये हिरवं दिसायला लागेल. मे-जूनमध्ये जमिनीत लावा, फुलं बहुतेक दुसऱ्या वर्षी.

फक्त डेक किंवा बाल्कनी असेल तर

एक मोठी कुंडी, १४-१६ इंचाची, त्यात मध्ये 'ब्लॅक अँड ब्लू', कडेने क्युफिया (लाल-केशरी सिगारसारख्या नळ्या, बहर थांबतच नाही) आणि सावलीच्या बाजूला फ्युशियाची हँगिंग बास्केट. फ्युशियाला कडक ऊन सोसत नाही, जुलैत सावलीत सरकवा. कोरल हनीसकलही मोठ्या कुंडीत कठड्यावर चढवता येतो, फक्त एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे नियम आधी वाचा. तिसऱ्या मजल्यावरही पक्षी येतो. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी आणि दोन आठवड्यांतून एकदा पातळ खत, नाहीतर फुलं आटतात.

टेक्सास आणि वेस्ट कोस्ट

टेक्सासमध्ये उष्णता आणि पाण्याची टंचाई धरूनच निवड करायची. टर्क्स कॅप सगळ्यात आधी, आपल्या मिरची जास्वंदीचा नातेवाईक, लाल मिटलेली फुलं, सावलीतही फुलतो. मग ऑटम सेज, म्हणजे साल्व्हिया ग्रेगाय, फ्लेम अ‍ॅकँथस आणि रेड युका. तिकडे सप्टेंबर हा परतीच्या प्रवासाचा भर, किनाऱ्यावरच्या रॉकपोर्ट गावात तर दर सप्टेंबरला हमिंगबर्डचा उत्सवच असतो, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरची फुलं तिथे सर्वात महत्त्वाची.

बे एरिया ते सिअ‍ॅटल, तिथे अ‍ॅनाज हमिंगबर्ड वर्षभर राहतो, त्यामुळे कॅलेंडर उलटं: हिवाळ्याची फुलं आधी शोधा. कॅलिफोर्नियात मँझनिटा आणि फ्युशिया-फ्लॉवर्ड गूजबेरी हिवाळ्यात, हमिंगबर्ड सेज वसंतात झाडाखालच्या कोरड्या सावलीत, आणि उन्हाळा संपताना कॅलिफोर्निया फ्युशिया. ही झाडं उन्हाळ्यात जास्त पाणी दिल्याने मरतात, हात आवरा. सिअ‍ॅटलकडे थंडीत महोनिया 'चॅरिटी' आणि मार्चमध्ये रेड-फ्लॉवरिंग करंट, रूफस हमिंगबर्ड येतो त्याच सुमारास फुलणारा. आणि अ‍ॅनाज डिसेंबर-जानेवारीपासूनच घरटी करतो, तेव्हा हिवाळी छाटणीआधी फांद्या नीट बघा. घरटं अगदी इवलंसं असतं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, वरून लायकेन, पटकन दिसत नाही.

फीडर, किडे आणि औषधं

फीडर फुलांना पर्याय नाही, पण जोडीला चालतो. एक कप साधी पांढरी साखर, चार कप पाणी. गूळ नको, ब्राऊन शुगर नको, मध तर अजिबात नको, गुळातलं लोह त्याला सोसत नाही आणि मध पाण्यात आंबतो, बुरशी धरतो. लाल रंगही नको. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला आणि फीडर गरम पाण्याने घासा. एवढं जमणार नसेल तर फीडर लावूच नका, फुलं स्वतःची स्वच्छता स्वतः बघतात.

एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, नुसत्या रसावर हा पक्षी जगत नाही. चिलटं, मावा, बारीक कोळी हे त्याचं प्रोटीन आणि पिल्लांना तर मुख्यतः हेच भरवलं जातं. मादी घरट्यासाठी कोळ्याची जाळीही गोळा करते. म्हणून अंगणात डासांची फवारणी करणारी कंपनी बोलावली की फुलं कितीही लावा, तिचं अर्धं ताट तुम्ही उचलून नेलेलं असतं. साचलेलं पाणी काढून टाका, डास त्यानेच कमी होतात. कोपऱ्यातली जाळी राहू द्या. मोठा हिरवा प्रार्थनाकीटक मात्र फीडरवर बसलेला दिसला तर उचलून लांबच्या झुडपात सोडा, तो हमिंगबर्ड पकडू शकतो. आणि मांजर घरात.

थंडी आल्यावर

फीडर लावून ठेवला तर पक्षी जायचे थांबतील ही भीती खोटी, दिवस लहान झाले की ते निघतातच. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे तरी फीडर राहू द्या, उत्तरेकडून एखादा उशिरा निघालेला येतो. बी बामच्या सुक्या दांड्या लगेच छाटू नका, त्यांच्या पोकळ देठांत छोट्या माश्या हिवाळा काढतात, मार्चमध्ये छाटा. 'ब्लॅक अँड ब्लू'ची कुंडी असेल तर पहिल्या फ्रॉस्टनंतर चार इंचांवर कापून गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये ठेवा, महिन्यातून एकदा माती जेमतेम ओली करा, आणि मार्चच्या शेवटी खिडकीत उन्हाला आणा म्हणजे मदर्स डेला बाहेर काढेपर्यंत त्याला फुटवे आलेले असतील.